पुढच्या दारातून पुन्हा पुढच्या दारात

माझी आत्या एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लोकांची भांडणं, बदल्या, आजारपणं, समेट, सगळं तिच्या कानावरून गेलं आणि कानावरूनच गेलं, तोंडावर कधी आलं नाही. ती निवृत्त झाली तेव्हा खात्याने तिला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. डावा कान त्याआधीच हेडफोनने अर्धा नेला होता. त्याची खात्यात कुठे नोंद नाही.

घरी बसणं तिला जमेना. आतोबा शिंपी, दिवसभर मशीनवर. त्यांना कामात बोललेलं चालत नाही आणि कामाशिवाय ते कधी सापडत नाहीत. तीन महिने आत्याने कपाटं आवरली. मग आवरायला कपाटं उरली नाहीत, तेव्हा ती बोलक्या वाचनालयात नोकरीला लागली.

हे वाचनालय दृष्टिहीन लोकांसाठी आहे. दोन खोल्या, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. यावर करण्यासारखे सगळे विनोद सभासदांनी आधीच करून ठेवले आहेत, नवीन माणसाने प्रयत्न करू नये. आतल्या खोलीत जाड पडदे लावून हौशी मंडळी पुस्तकं मोठ्याने वाचतात, ती ध्वनिमुद्रित होतात आणि बाहेरच्या खोलीतल्या कपाटात एक कॉम्प्युटर आहे, त्यात साठवली जातात. सभासद घरून आपल्या बोलणाऱ्या फोनवर वाचनालयाचं पान उघडतात आणि ऐकतात. एकशे त्रेचाळीस सभासद. पुस्तकं दुसऱ्याच्या घरी ठेवायची नाहीत, मशीन आपलंच हवं, असा ग्रंथपालांचा हट्ट. म्हणून सगळा कारभार त्या कपाटातून चालतो.

हा कारभार उभा केला ग्रंथपालांच्या जावयाने. फुकट आणि मनापासून केला, त्यामुळे त्याबद्दल वाकडं बोलायची सोय नव्हती. दुसऱ्या कोणी केलं असतं तर निदान नावं तरी ठेवता आली असती.

आत्याच्या तिथल्या चौथ्या वर्षी जावई दोन दिवसांसाठी आला होता. पानाच्या पत्त्यापुढे कुलपाचं चित्र दिसत नाही, म्हणजे येणारी वाट सुरक्षित नाही, हे त्याला खुपत होतं. त्याने सोमवारभर बसून मशीनवर आणखी एक प्रोग्रॅम चढवला, कुलूप आणलं आणि कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवला: ‘आता सगळं सुरक्षित आहे.’

ते अगदी खरं होतं. मंगळवारी सकाळपासून कोणालाच आत जाता येईना.

पहिला फोन मास्तरांचा आला. मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. चाळिशीत दृष्टी गेली, त्यानंतरही अठरा वर्षं त्यांनी फळ्याकडे पाठ करून गणित शिकवलं.

"बाई, पान म्हणतंय की त्याला फार वेळा इकडून तिकडे पाठवलं गेलं."

"कुठून कुठे?"

"ते सांगत नाही. नुसती तक्रार करतंय."

दुपारपर्यंत असे एकोणीस फोन आले. आत्याने स्वतःच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर पान उघडून पाहिलं. वरची पट्टी क्षणभर थरथरली आणि तोच निरोप उमटला. ती ग्रंथपालांकडे गेली.

"जावईबापूंनी केलंय म्हणजे विचार करूनच केलं असणार," ग्रंथपाल म्हणाले.

"केलाच असेल. पण आता तो विचार आपल्याला कळायला हवा."

जावयाला फोन लावला. तो बंदरावर होता, जहाजावरच्या नोकरीवर परत निघालेला. "मावशी, माझ्याकडे तर उघडतंय," तो म्हणाला आणि खरंच त्याच्याकडे उघडत होतं. त्याच्या फोनने आदल्या आठवड्यातलं साठवलेलं पान त्याला दाखवलं होतं, हे नंतर कळलं. संध्याकाळी जहाज सुटलं. जहाजावर फोन लागतो, पण कधी लागायचं ते जहाज ठरवतं.

त्या निरोपाखाली बारीक अक्षरात एक सल्ला होता: कुकीज पुसून पाहा. कुकीज म्हणजे पान तुमच्या फोनमध्ये जी छोटी टिपणं ठेवून जातं ती. आत्या सरकारी खात्यातली, छापील सूचनेवर तिचा विश्वास. तिने तीन दिवस बसून सगळ्या एकशे त्रेचाळीस सभासदांना फोन केले आणि ती टिपणं कशी पुसायची हे एकेकाला सांगितलं. त्यातल्या एकसष्ट जणांनी पुसली. बाकीच्यांना जमलं नाही, आणि न जमणं हे त्यांचं नशीब ठरलं.

पान उघडलं नाही ते नाहीच.

मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने कपाट उघडलं, फुंकर मारून धूळ उडवली, मशीनला कान लावला आणि पंखा गेलाय असं निदान केलं. पंखा खरोखरच गेला होता. नवीन बसवल्यावर घरघर थांबली आणि पान अगदी शांतपणे फिरू लागलं.

आता उरली आत्या. जावयाने पूर्वी कधीतरी तिला दाखवलं होतं की मशीनमध्ये एक नोंदवही असते, तिला लॉग म्हणतात. कोण आलं, काय मागितलं, काय मिळालं, सगळं त्यात उतरतं. तिने ती नोंदवही छापून घेतली आणि पट्टी लावून ओळ न ओळ वाचायला बसली. एक्स्चेंजमध्ये कॉलच्या चिठ्ठ्या अशाच तपासायच्या असत.

दोन दिवसांत तिला कळलं ते असं. मशीनमध्ये आता दोघं जण होते. एक पुढचा, जावयाने सोमवारी बसवलेला, दारावर उभा राहून पाहुण्याला आत सोडणारा. दुसरा आतला, जुना, पुस्तकं काढून देणारा. पाहुणा कुलपाच्या सुरक्षित दाराने यायचा. पुढचा त्याला आत घ्यायचा आणि आतल्याकडे साध्या वाटेने पोचवायचा, कारण घरातल्या घरात कुलूप कशाला. आतला बघायचा की हा साध्या वाटेने आलाय. त्याला जावयाने बजावून ठेवलं होतं की साध्या वाटेने येणाऱ्याला सुरक्षित दाराने यायला सांगायचं. तो सांगायचा. पाहुणा बिचारा पुन्हा सुरक्षित दाराशी. पुढचा पुन्हा आत घ्यायचा. डोळ्याचं पातं लवायच्या आत एकवीस फेऱ्या व्हायच्या आणि मग पाहुण्याचा फोन हात टेकायचा.

त्या दिवशी आत्या घरी जेवताना म्हणाली, "अहो, दोघांनाही आपापलं काम चोख येतं. दोघांचंही चुकत नाही. मग अडतंय कुठे?"

"एकमेकांशी बोलत नसतील," आतोबा म्हणाले. "तुझा भाऊ आणि मी बघ."

तिचा भाऊ म्हणजे माझे वडील. मी त्या दिवशी जेवायला तिथेच होते. मी ताटात बघितलं.

आत्याचा घास हातातच राहिला. म्हणाली, "ट्रंक!"

एक्स्चेंजमध्ये बाहेरगावचा कॉल पुढच्या ऑपरेटरकडे द्यायचा तर आधी ‘ट्रंक’ असं तोंडाने सांगावं लागे. सांगितलं नाही तर तिला तो गावातलाच वाटे आणि ती त्याला साध्या रांगेत बसवी. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आत्या हे सांगायला विसरली होती आणि एका माणसाला आपल्या मुलाशी बोलायला साडेचार तास लागले होते. म्हणजे पुढच्याने आतल्याला नुसता पाहुणा देऊन भागणार नव्हतं, ‘हा सुरक्षित दाराने आलाय’ अशी चिठ्ठीही द्यायला हवी होती.

अशी चिठ्ठी असते की नाही हे तिला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने त्या प्रोग्रॅमची माहितीपुस्तिका काढली. चारशे पानं, सगळी इंग्रजीत आणि वैतागलेल्या माणसाने लिहिलेली. दोनशे बाराव्या पानावर चिठ्ठी सापडली. एका ओळीचं काम होतं.

आत्याने आधी मशीनमधली जुनी मांडणी जशीच्या तशी कागदावर उतरवून घेतली, स्वल्पविरामासकट. मग पुढच्याला चिठ्ठी द्यायची ओळ घातली. दोघांना बंद करून पुन्हा चालू केलं. पान फिरत राहिलं. पुस्तिकेत पुढे वाचलं तर आतला कोणाच्याही चिठ्ठीवर विश्वास ठेवत नाही, कोणाची खरी मानायची ते त्यालाही वेगळं सांगावं लागतं. हे तिला पटलं. तिने दुसरी ओळ आतल्याच्या मांडणीत घातली. बंद, चालू. आपल्या टेबलावर येऊन पान उघडलं.

फिरत राहिलं.

तिने बारा मिनिटं त्या पानाकडे बघितलं. मग उठून कागदावरून दोन्ही ठिकाणची जुनी मांडणी परत घातली, कारण आपल्याला न कळलेली गोष्ट दुसऱ्याच्या मशीनमध्ये ठेवायची नाही अशी तिची शिस्त. तेवढ्यात फोन वाजला.

"बाई, उघडलं होतं हो!" मास्तर. "पान उघडलं, मी पुस्तकांची यादी ऐकत होतो, आणि परत बंद पडलं."

"केव्हा उघडलं होतं?"

"अकरा वाजून पाच ते अकरा सतरा."

आत्याने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. अकरा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. म्हणजे तिने ते दुरुस्त केलं होतं आणि दुरुस्त झालेलं स्वतःच्या हाताने मोडलं होतं. सगळ्यांकडे उघडत होतं, फक्त तिच्याकडे नाही. का, ते तिने पुन्हा पुस्तिकेत शोधलं. आतला ‘सुरक्षित दाराने या’ एवढंच म्हणत नव्हता, ‘हे कायमचं’ असंही म्हणत होता. सभासदांच्या फोनना असलं काही फार दिवस लक्षात ठेवायची सवय नव्हती, पण आत्याच्या ब्राउझरने ते ‘कायमचं’ इमानाने लिहून ठेवलं होतं. आता तो मशीनला विचारतही नव्हता, आपल्या आपणच गोल फिरत होता.

तिने दोन्ही ओळी परत घातल्या आणि मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, बघा बरं."

मग फोनमधून दुसऱ्या फोनचा आवाज आला, पुस्तकांची यादी वाचणारा.

"उघडलं."

"लाइनवर राहा," आत्या म्हणाली आणि तिने आपल्या ब्राउझरची साठवण पुसून टाकली. तिच्याकडेही उघडलं. वर कुलपाचं चित्र होतं.

ग्रंथपाल येऊन बघून गेले. "म्हणजे जावईबापूंचं बरोबरच होतं."

"बरोबरच होतं. दोन ओळी राहिल्या होत्या."

गोष्ट इथे संपली असती तर आत्याने दुसऱ्या दिवशी रजा घेतली असती. पण दुपारी तीनला मास्तरांचा पुन्हा फोन आला आणि या वेळी त्यांचा आवाज जपून आला.

"बाई, तक्रार नाही, पण माझं पुस्तक पहिल्यापासून सुरू झालंय. मी एकोणिसाव्या तासात होतो."

सभासदाने कुठवर ऐकलं याची खूण पान त्याच्याच फोनमध्ये ठेवत असे. त्याच टिपणांमध्ये. आत्याने तीन दिवस राबून, पाठपुरावा करून, एकसष्ट माणसांकडून ती पुसवून घेतली होती.

ती खुर्चीत बसून राहिली. ग्रंथपाल म्हणाले, "सरकवतील पुढे. काय एवढं त्यात."

"साहेब, तीस तासांचं पुस्तक आहे. बघता येत नाही. तुम्ही डोळे मिटून सरकवून दाखवा." आत्या वरिष्ठांशी असं बोलली ते एकतीस अधिक चार वर्षांत पहिल्यांदाच. ग्रंथपालांनी डोळे मिटले नाहीत.

तिने एकसष्ट जणांची यादी केली आणि पहिल्यापासून फोन लावायला सुरुवात केली. प्रत्येकाला तेच वाक्य. "मी वाचनालयातून बोलतेय. तुमची खूण माझ्या सांगण्यामुळे पुसली गेली. कुठवर ऐकलं होतं?" ते सांगत तसं ती उजवा कान हेडफोनला लावून ती जागा शोधायची, तास-मिनिट लिहायची, पुन्हा फोन करायची आणि खूण बसेपर्यंत लाइनवर थांबायची. दिवसाला दोन-तीन व्हायचे.

मास्तरांचं सोपं होतं. त्यांना शेवटचं वाक्य क्रियापदासकट पाठ होतं. पण सगळे मास्तर नव्हते. एक वकील होते, तत्त्वज्ञानाचा जाडजूड ग्रंथ लावलेले. "शेवटचं प्रकरण," त्यांनी भारदस्तपणे सांगितलं. आत्याने शेवटचं प्रकरण लावून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा हळू आवाजात फोन. "बाई, जरा मागे घेता?"

"किती?"

"दुसऱ्या प्रकरणापर्यंत."

एक जोडपं होतं, दोघंही दृष्टिहीन, एकाच फोनवर एकत्र रहस्यकथा ऐकणारं. फोन स्पीकरवर होता. नवरा म्हणाला, "खून झालाय, आता पोलीस वाड्याबाहेर थांबलेत." बायको म्हणाली, "कसला खून?" त्यानंतर फोनवर जी शांतता पसरली तशी आत्याने ट्रंक लाइनवरही ऐकली नव्हती. नवरा दुपारी एकटाच पुढचं ऐकत होता. आत्याने खूण बायकोच्या जागेवर बसवली. आणखी एका बाईंना तिने स्वतःच, जागा पक्की करायच्या भरात, "म्हणजे डॉक्टर पकडला जायच्या आधी ना?" असं विचारलं. त्या बाईंना डॉक्टरवर संशय नव्हता. त्या आठ दिवस आत्याशी बोलल्या नाहीत.

चौथ्या आठवड्यात चोपन्नाव्या नंबरवर अनोळखी आवाज आला. सभासदाचा मुलगा. वडील महिन्यापूर्वी गेले होते, पान बंद होतं तेव्हाच. आत्याने माफी मागितली आणि ती फोन ठेवणार तेवढ्यात तो म्हणाला, "ते कुठवर आले होते, ते सांगता येईल का तुम्हाला? ते रोज संध्याकाळी मला गोष्ट सांगायचे, आज काय ऐकलं ती. मी अर्ध्यातच आहे."

"त्यांना विचारल्याशिवाय मला कसं कळणार," आत्या म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला ते ऐकवेना. "एक दिवस द्या," असं म्हणून तिने फोन ठेवला.

ती जुन्या नोंदवहीकडे गेली, पान बिघडायच्या आधीच्या. पट्टी लावली. तिथे होतं सगळं. कोणी कधी कोणत्या पुस्तकाचा कोणता भाग मागवला, तारीखवार. म्हाताऱ्यांनी शेवटचा मागवलेला भाग एका प्रवासवर्णनाचा चौदावा होता, पान बिघडण्याच्या आदल्या रविवारचा. तिने मुलाला कळवलं. तो म्हणाला, "म्हणजे नदीच्या पलीकडे पोचले होते. मला अलीकडेच ठेवलं होतं." मग म्हणाला, "लावून द्या, चौदावा."

लावून दिल्यावर आत्याच्या लक्षात आलं की त्याच नोंदवहीत सगळ्या एकसष्ट जणांच्या जागा पहिल्या दिवसापासून लिहिलेल्या होत्या. मिनिट नव्हतं, पण भाग होता. चार आठवड्यांचं काम चार तासांत झालं असतं.

हे तिने फक्त आतोबांना सांगितलं, आणि त्यांनी मला. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नोंदवहीला विचारलं असतं तर त्या वकिलांचा शेवट चुकीचा निघाला असता."

"बरोबर निघाला असता, आत्या. दुसरं प्रकरणच निघालं असतं."

"तेच म्हणते. त्यांना तोंडाने सांगावं लागलं ना." यात काय मुद्दा होता ते मला अजून उमगलेलं नाही, पण तिने तो फार ठामपणे मांडला.

उरलेल्या सात जणांचे फोनही तिने तसेच केले, नोंदवही मिटून. तिचं म्हणणं, चोपन्न जणांना विचारलं आणि सात जणांना विचारलं नाही हे बरं दिसत नाही. दोन महिन्यांनी जहाज लागलं, जावई आला आणि त्याने खुणा फोनमधून काढून मशीनमध्ये ठेवायची सोय केली. आत्याच्या दोन ओळी त्याने बराच वेळ पाहिल्या आणि म्हणाला, "मावशी, हे मी सोमवारी करायला हवं होतं." आत्या म्हणाली, "मंगळवारी चाललं असतं." वार्षिक सभेत सुरक्षित पानाबद्दल जावईबापूंच्या अभिनंदनाचा ठराव आला. अनुमोदन आत्याने दिलं. आतोबा आणि माझे वडील अजून बोलत नाहीत.

एकसष्टावा फोन होता एका आजीबाईंचा. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या, एक सात भागांची कादंबरी वर्षभर लावून बसलेल्या. आत्याने आपलं वाक्य म्हटलं आणि विचारलं, "कुठवर ऐकलं होतं?"

"काही कल्पना नाही, बाई."

"एखादं पात्र? एखादा प्रसंग?"

"मी गोष्टीकडे लक्ष देत नाही. वाचणाऱ्याचा आवाज चांगला आहे. घरात कोणी बोलत असलं की बरं वाटतं. कुठूनही लावा."

आत्याने सगळे भाग थोडे थोडे ऐकून पाहिले. त्यात तिची एक दुपार गेली. मग तिने चौथा भाग लावून दिला. त्या भागात वाचणाऱ्याला सर्दी नव्हती.